रिकाम्या तारेवरचा सराव : खानदेशातील मोर्स आणि हौशी रेडिओची स्पर्धा

पिंप्राळा हे जळगावच्या पश्चिमेचे जुने गाव आता शहराच्या महापालिका हद्दीत सामावले असले, तरी मुंबई–भुसावळ लोहमार्गाचे सान्निध्य आणि त्यावरील फाटक ही त्याची ओळख पिढ्यानपिढ्या टिकून राहिली आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० च्या सुमारास खानदेशात पोहोचली, तेव्हा रुळांबरोबर खांबांवरची तारही आली आणि त्या तारेतून जाणारे संकेत ऐकण्याची, पाठवण्याची व शिकवण्याची एक नवी विद्या या भागात रुजली. मोर्स संकेतलिपी म्हणजे टिंब आणि रेघ, अर्थात एक आखूड व एक लांब खूण, यांच्या जुळणीतून प्रत्येक अक्षर व अंक दर्शवण्याची पद्धत होय. या लिपीचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु तो सरावाचाही इतिहास आहे, आणि त्या अंगाने पाहता असे दिसते की शिक्षणाचा भर संकेत पाठ करण्यावरून हळूहळू सरकत गेला आणि संकेत प्रत्यक्षात ज्या गोंगाटात ऐकावा लागतो त्याची हुबेहूब प्रतिकृती उभारण्यावर येऊन स्थिरावला.

भारतात तारेचा आरंभ विल्यम ओशॉनेसी यांच्या कोलकात्यातील १८३९ च्या प्रयोगांनी झाला आणि पुढे १८५४–५५ मध्ये कोलकाता, आग्रा, मुंबई व मद्रास ही शहरे तारेने जोडली गेली. मुंबई–आग्रा तारेची वाट इंदूरमार्गे होती, आणि मुंबईहून इंदूरला जाणारा हमरस्ता धुळ्यावरून, म्हणजे खानदेशातूनच जातो. ओशॉनेसी यांच्या सुरुवातीच्या उपकरणात चुंबकसूचीचे डावे-उजवे हेलकावे डोळ्यांनी टिपावे लागत. मोर्सचे यंत्र आल्यावर संकेत कागदाच्या पट्टीवर उमटू लागले, आणि त्यानंतर ‘साउंडर’ या धातूच्या ठोक्याने वाजणाऱ्या उपकरणामुळे पट्टीचीही गरज उरली नाही. डोळ्यांचे काम कानांकडे आले, आणि या एका बदलाने शिक्षणाचे स्वरूपच पालटले, कारण पट्टी पुन्हा वाचता येते, पण निसटलेला ठोका परत येत नाही.

रेल्वेत हे कौशल्य सोयीपुरते नव्हते. गाड्यांची सुरक्षितता त्यावर अवलंबून होती. एका स्थानकावरून गाडी सोडण्यापूर्वी पुढच्या स्थानकाची ‘लाइन क्लिअर’, म्हणजे मार्ग मोकळा असल्याची परवानगी, घ्यावी लागे, आणि जेथे ती तारेवरून मागवली जाई तेथे स्टेशनमास्तरला मोर्स येणे ही नोकरीची अटच होती. कापसाच्या व्यापारामुळे खानदेशात तारेला आणखी एक महत्त्व आले, कारण १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या वर्षांत मुंबईच्या बाजारातील कापसाचे भाव झपाट्याने चढले आणि ते वेळेवर कळण्यावर व्यापाऱ्यांची खरेदी-विक्री ठरू लागली. अशा तारेवर शिकाऊ हाताला चूक करण्याची मुभा देणे शक्य नव्हते, म्हणून तारशाळांमध्ये बॅटरी, कळ आणि साउंडर जोडून एक बंदिस्त मंडल उभारले जाई, ज्याच्या दुसऱ्या टोकाला कोणतेही स्थानक नसे. जळगावपासून जवळच असलेल्या भुसावळला पुढे रेल्वेची क्षेत्रीय प्रशिक्षण संस्था उभी राहिली. अशा संस्थांतील ‘मॉडेल रूम’, म्हणजे छोट्या रुळांवर व नमुन्याच्या उपकरणांवर गाड्या चालवण्याचे नियम शिकवणारी खोली, याच तत्त्वावर उभी असते : चूक होऊ द्यावी, पण जेथे ती कोणाच्या जिवावर बेतणार नाही तेथे.

बिनतारी संदेशवहन आल्यावर मोर्स नोकरीच्या चौकटीबाहेर पडला. हौशी रेडिओ, म्हणजे आर्थिक लाभाविना केवळ अभ्यास व संपर्कासाठी परवाना घेऊन चालवलेले प्रक्षेपण केंद्र, हा छंद भारतात १९२० च्या दशकात सुरू झाला, दुसऱ्या महायुद्धात परवाने रद्द झाल्याने खंडित झाला आणि स्वातंत्र्यानंतर पुन्हा उभा राहिला. १९४८ मध्ये महू येथील लष्कराच्या सिग्नल्स प्रशिक्षण केंद्रात हौशी रेडिओ क्लब स्थापन झाला, आणि हे महू धुळ्यावरून इंदूरकडे जाणाऱ्या त्याच आग्रा मार्गावर आहे. परवान्याच्या परीक्षेत मोर्सची चाचणी असे. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेनंतर ही अट ठेवावी की काढावी हे प्रत्येक देशावर सोपवण्यात आले, तरी भारताने सर्वसाधारण श्रेणीसाठी मिनिटाला ८ शब्दांची चाचणी कायम ठेवली. या वेगात एक टिंब १५० मिलिसेकंदांचे असते. मिनिटाला ३० शब्दांच्या वेगात ते ४० मिलिसेकंदांवर येते, आणि स्पर्धांमध्ये हाच दुसरा वेग सर्रास वापरला जातो.

स्पर्धा म्हणजे ठरलेल्या अवधीत जास्तीत जास्त केंद्रांशी संपर्क साधून अचूक माहितीची देवाणघेवाण करणे. १९४८ पासून चालत आलेल्या ‘सीक्यू वर्ल्डवाइड’ या स्पर्धेचा मोर्स विभाग नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी असतो आणि भारतीय वेळेनुसार शनिवारी पहाटे साडेपाचपासून ४८ तास चालतो. प्रत्येक संपर्कात ‘५९९’ हा संकेताच्या दर्जाचा शेरा आणि स्वतःच्या विभागाचा क्रमांक पाठवायचा असतो. भारताचा विभाग २२ आहे. नऊ हा अंक चार रेघा व एक टिंब असा लांब असल्याने स्पर्धक त्याऐवजी रेघ-टिंब असे ‘एन’ हे अक्षर पाठवतात. दोन नवांमागे त्यामुळे २४ टिंबांइतका काळ वाचतो. मिनिटाला ३० शब्दांच्या वेगात हा काळ जवळजवळ एक सेकंद भरतो, आणि हजार संपर्कांत १६ मिनिटांची बचत होते. खरी अडचण मात्र वेगाची नसून गर्दीची असते. ‘पाइल-अप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्थितीत अनेक केंद्रे एकाच वेळी हाक देतात, आणि पिंप्राळ्याच्या आषाढी एकादशीच्या रथोत्सवात टाळ-मृदंगाच्या गजरातून आपल्या माणसाची हाक ओळखावी, तसे त्यांतून एकच सांकेतिक नाव वेगळे करावे लागते.

हे कौशल्य संथ व स्वच्छ संकेत ऐकून येत नाही, हे शिक्षकांना टप्प्याटप्प्याने उमगले. जर्मन मानसशास्त्रज्ञ लुडविग कोख यांनी १९३० च्या दशकात दाखवून दिले की विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगाने, पण दोनच अक्षरे ऐकवावीत, ती जवळजवळ अचूक आल्यावरच तिसरे जोडावे, म्हणजे टिंबे मोजण्याची सवय लागत नाही आणि अक्षराचा एकसंध नाद कानात बसतो. एकविसाव्या शतकात अलेक्स शोव्कोप्ल्यास या कॅनडास्थित हौशी रेडिओचालकाचा ‘मोर्स रनर’ हा संगणक कार्यक्रम आला, तेव्हा या विचाराचे पुढचे पाऊल पडले. त्यात काल्पनिक केंद्रे वेगवेगळ्या स्वरात, वेगात व तीव्रतेने एकत्र हाक देतात, संकेत क्षीण होऊन पुन्हा उमटतात, विजेची खरखर व शेजारच्या केंद्राचा अडथळा मध्ये येतो, नाव चुकीचे ऐकले तर समोरचे केंद्र ते पुन्हा पाठवते आणि शेवटी चुका वजा करून गुण दिले जातात. जलदगती तारलेखनाच्या जागतिक स्पर्धेत हा कार्यक्रम स्वतःच एक प्रकार म्हणून समाविष्ट झाला, म्हणजे तयारीचे साधन परीक्षेच्या दर्जाला पोहोचले.

१४ जुलै २०१३ रोजी भारतात शेवटच्या तारा स्वीकारल्या गेल्या आणि सार्वजनिक तारसेवा बंद झाली. रेल्वेत मोर्सची जागा दूरध्वनीने व ब्लॉक-उपकरणांनी त्याआधीच घेतली होती. उपजीविका म्हणून ही विद्या संपली, परंतु तिच्या शिक्षणाची परंपरा संपली नाही, कारण दुसऱ्या टोकाला कोणीही नसलेल्या तारेवर बोटे व कान घडवण्याची जी रीत तारशाळांनी पाडली, तिचेच पूर्ण विकसित रूप आजच्या संगणकीय सरावात दिसते. जुन्या शिकाऊला रिकाम्या तारेवर फक्त अक्षरे मिळत. आजच्या शिकाऊला अक्षरांबरोबर गर्दी, खरखर आणि घाई हेही मिळते. म्हणूनच खानदेशच्या रेल्वे-इतिहासात रूळ, पूल व इंजिनांच्या नोंदींच्या जोडीला कळीवर बसून शिकणाऱ्या हातांची आणि ऐकून घडलेल्या कानांचीही नोंद व्हायला हवी, कारण तारेला उपयोग प्राप्त झाला तो त्यांच्याच सरावामुळे.