शेतातलं 'औषध'

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. शेतातल्या विषाला या दोन्ही भाषांत एकसारखंच गोड नाव आहे, हे मला नेहमी खटकतं. मराठी बोलणारा 'औषध' मारतो, उर्दू बोलणारा 'दवा' मारतो. जहर हा शब्द दोघांकडे आहे, पण डबा फोडताना तो कुणाच्या तोंडी येत नाही. कुणी जीव दिला तरी गाव म्हणतं, 'औषध प्यायला.'

या विश्वासामागे, मला वाटतं, डीडीटी आहे. 1953 साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि सरकारी माणसं घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारू लागली. हिवताप खरोखर घटला. आरोग्य खातंच जे घरात आणून मारतं, त्याचं भय कशाला धरायचं?

भय धरावं असं 1958 मध्ये केरळात घडलं. पॅराथिऑन मिसळलेल्या पिठातून शंभराहून अधिक माणसं दगावली. पुढे 1968 चा कीटकनाशक कायदा झाला. डब्यांवर विषाची तीव्रता सांगणारे रंगीत त्रिकोण आले. लाल सर्वांत घातक, मग पिवळा, निळा, हिरवा.

तरीही 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात आठशेहून अधिक जणांना फवारणीतून विषबाधा झाली. किमान 20 जण गेले. त्यांत शेतमजूर बरेच होते. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीला गेली होती, त्यामुळे फवारा तोंडावर, खांद्यावर पडायचा. गावाच्या समजुतीत विष पोटात जातं तेव्हाच बाधतं. फार तर वास डोक्यात जातो. म्हणून जेवणाआधी हात धुतले की झालं. भिजलेल्या सदऱ्यातून, कातडीतूनही ते शरीरात जातं, हे किती जणांना नीट सांगितलं होतं?

नंतर ऐकू आलं की या लोकांनी हातमोजे, मास्क घातले नव्हते. विदर्भातल्या दमट उकाड्यात, पाठीवर भरलेला पंप घेऊन, दिवसभर ते घालून दाखवावेत कुणीतरी! शिवाय मिश्रण बहुधा मालक करतो. मजुराच्या हाती येतो तो भरलेला पंप, आणि पंपावर त्रिकोण नसतो. रोज बुडेल म्हणून मळमळ अंगावर काढणाऱ्याला अडाणी म्हणणं मला पटत नाही.

कितीतरी कृषी सेवा केंद्रांच्या पाट्यांवर आजही लिहिलेलं असतं: बियाणे, खते, औषधे.