कंपनीच्या कागदापासून रोख्यांच्या शिडीपर्यंत

ईस्ट इंडिया कंपनीने हिंदुस्थानात उभारलेल्या कर्जांच्या प्रॉमिसरी नोटा, म्हणजे मुद्दल व व्याज देण्याची लेखी वचने, बंगालीत ‘कंपनीर कागोज’ या नावाने ओळखल्या जात. 1858 साली सत्ता ब्रिटिश राजसत्तेकडे गेली, तरी सहामाही व्याज देणारा हा कागद सुरक्षित उत्पन्नाचे साधन म्हणून टिकला आणि 1882 च्या न्यास कायद्याने खासगी न्यासांचा पैसा गुंतवण्याच्या मान्य जागांत त्याला स्थान दिले.

या कागदाचे वैगुण्य मात्र त्याच्या मुदतीत होते. साडेतीन टक्क्यांच्या प्रसिद्ध कर्जाला परतफेडीची ठरलेली तारीख नव्हती. ते केव्हा फेडायचे हे सरकारच ठरवणार होते आणि धारकाला मुद्दल परत मागण्याचा हक्क नव्हता. याची झळ दोन्ही बाजूंनी बसे. व्याजदर उतरल्यावर 1894 साली सरकारने चार टक्क्यांचे कर्ज साडेतीन टक्क्यांत बदलले, तेव्हा लाख रुपयांच्या नोटांवर वर्षाला 4,000 रुपये मिळवणाऱ्याच्या हाती 3,500 उरले. पुढे पहिल्या महायुद्धात दर चढले, तशी त्याच साडेतीन टक्क्यांच्या कागदाची बाजारातील किंमत दर्शनी किमतीच्या, म्हणजे कागदावर छापलेल्या रकमेच्या, बरीच खाली आली. व्याज बिनचूक मिळत असले, तरी ज्याला मुद्दलाची गरज पडली त्याला तोटा सोसूनच नोट विकावी लागली.

जिला ‘शिडी’ म्हणतात ती रचना या दुहेरी अडचणीवरचा उतारा आहे, आणि ती ठरलेल्या मुदतीच्या रोख्यांवाचून उभीच राहू शकत नाही. एक, दोन, तीन अशा क्रमाने दहा वर्षांपर्यंत फिटणारे रोखे घेतले, की दरवर्षी एक पायरी मोकळी होते; त्या वर्षाचा खर्च तिच्या मुद्दलातून व उरलेल्या रोख्यांच्या व्याजातून भागतो, किंवा ते मुद्दल नव्या दहा वर्षांच्या रोख्यात घालून शिडी पुन्हा वर वाढवता येते. दर उतरले तरी एका वेळी एकाच पायरीला त्याचा फटका बसतो. दर चढले तरी पडत्या भावाने विकण्याची पाळी सहसा येत नाही. महागाईपुढे मात्र ही शिडी दुबळीच ठरते, कारण तिच्या पायऱ्यांची रक्कम आधीच ठरलेली असते.

मुदतीचे सरकारी रोखे भारतात पुढे विपुल निघाले, तरी ते मुख्यतः बँका, विमा आणि भविष्यनिर्वाह निधी यांच्याकडे गेले. 1992 पासून ते लिलावाने विकले जाऊ लागले आणि 2002 साली किरकोळ गुंतवणूकदाराला स्वतः भाव न बोलता, लिलावात ठरलेल्या भावाने रोखे घेण्याची सोय झाली. पण तिचा मार्ग बँका व दलालांमधून जात होता. रिझर्व्ह बँकेकडे थेट खाते उघडून 10,000 रुपयांपासून रोखे घेण्याची योजना सुरू होण्यास 12 नोव्हेंबर 2021 उजाडावे लागले. सामान्य घराला शिडीची गरज 1894 सालीही होती. तिच्या पायऱ्या त्याच्या हाती यायला एवढा काळ लागावा, ही या इतिहासातील खेदाची बाजू आहे. या रोख्यांवरील व्याज आजही कंपनीच्या कागदाप्रमाणे सहामाहीनेच येते.