एका कपाचे माप

पंगतीचा स्वयंपाक आणि एका पानाचा स्वयंपाक यांना जिनसा त्याच लागतात, पण हिशेब निराळा असतो. कॉफीचेही तसेच आहे. दहा जणांची कॉफी करणे सोपे. एकट्या माणसाला हवा तेव्हा एकच कप मिळवून देणे अवघड. पूड किती, पाणी किती, गाळायचे कोणी, चोथा टाकायचा कोणी, भांडे घासायचे कोणी, हे प्रश्न एका कपामागेही तेवढेच उभे राहतात. गेल्या सव्वाशे वर्षांत या अडचणीवर जे उपाय निघाले, त्यांतूनच विरघळणाऱ्या कॉफीची पुडी, कागदी पॉड, ॲल्युमिनियमची कॅप्सूल, प्लास्टिकचा के-कप आणि ड्रिप बॅग ही मंडळी बाजारात आली. यांतले घरासाठी काय घ्यावे आणि ऑफिससाठी काय, हा प्रश्न सहसा चवीचा किंवा किमतीचा म्हणून विचारला जातो. या वस्तूंचा इतिहास पाहिला की आणखी एक प्रश्न पुढे येतो: कपाचे माप आपल्या हातात राहते, की विकणाऱ्याच्या?

चमचा आपला, डबा त्यांचा

एकट्याच्या कपाची पहिली मोठी गरज सैन्याची. अमेरिकेतील यादवी युद्धात सैनिकांना दूध-साखर घालून आटवलेला कॉफीचा अर्क देऊन पाहिला गेला; तो त्यांना मुळीच आवडला नाही. पुढे सातोरी काटो या जपानी रसायनतज्ज्ञाची विरघळणारी पूड १९०१ साली बफेलो येथील प्रदर्शनात लोकांनी पाहिली. जॉर्ज वॉशिंग्टन नावाच्या उद्योजकाने (अमेरिकेच्या पहिल्या अध्यक्षांशी नामसाधर्म्य एवढाच संबंध) अशी कॉफी मोठ्या प्रमाणावर बनवली आणि पहिल्या महायुद्धात ती खंदकांपर्यंत पोहोचली.

चवीचा प्रश्न मात्र बाकी होता. १९२९च्या मंदीनंतर ब्राझीलमध्ये न खपलेल्या कॉफीचे ढीग साचले. हा माल टिकाऊ रूपात बदलता येईल का, अशी विचारणा नेस्ले कंपनीकडे झाली. माक्स मॉर्गेनथालर या शास्त्रज्ञाने अनेक वर्षे खपून उत्तर शोधले आणि १ एप्रिल १९३८ रोजी स्वित्झर्लंडमध्ये नेसकॅफे बाजारात आली. तिला ना गाळणी लागे ना यंत्र. गरम पाणी आणि चमचा असला की झाले. कॉफी कारखान्यातच उकळून, गाळून आणि सुकवून येत होती. कडक हवी की फिकी, हे मात्र पिणाराच चमच्याने ठरवत होता.

आपल्याकडे हा विचार अगदी अपरिचित नव्हता. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला कॉफीची वडी आठवत असेल: साखरेच्या चौकोनी वडीच्या पोटात कॉफीची पूड. गरम दुधात वडी टाकली की साखर आणि कॉफी दोन्हींचे माप एकदमच पडे. वर जायफळ किसून घालायचे, ते घरचे. त्या वडीला कुठल्याही कंपनीचे पातेले लागत नव्हते, हे पुढच्या कथेसाठी ध्यानात ठेवायला हवे.

रोमहून आलेली कॅप्सूल

विरघळणारी पूड सोयीची असली, तरी इटालियन एस्प्रेसोची तिला सर नव्हती. एस्प्रेसोसाठी बारीक दळलेल्या पुडीतून सुमारे नऊ बार दाबाखाली गरम पाणी जावे लागते, आणि दळण्यापासून दाबून भरण्यापर्यंत प्रत्येक पायरीला सरावलेला हात लागतो. १९७०च्या दशकात नेस्लेचा एक अभियंता, एरिक फाव्र, हे कसब समजून घेण्यासाठी रोमला गेला. पँथिऑनजवळच्या सांतेउस्ताकिओ या कॅफेपुढे गर्दी का होते, हे पाहताना त्याला पाणी, हवा आणि कॉफीतील तेले यांच्या मिश्रणाचे महत्त्व उमगले. त्यातून बंद कॅप्सूल आणि तिला टोचून दाबाने पाणी सोडणारे यंत्र अशी जोडी तयार झाली. १९७६ साली पेटंटसाठी अर्ज झाला.

नेस्लेला या शोधाची घाई नव्हती, कारण नेसकॅफे उत्तम खपत होती. नेस्प्रेसो ही स्वतंत्र कंपनी निघाली ती १९८६ साली. सुरुवातीचा रोख ऑफिसांवर होता आणि तो फसला. १९८८मध्ये जाँ-पॉल गायार यांच्याकडे सूत्रे आली. त्यांनी ऑफिसे सोडून सुखवस्तू घरांकडे मोर्चा वळवला. यंत्रे इतर उत्पादकांनी बनवावीत, कॅप्सूल मात्र ‘क्लब’च्या सभासदांना कंपनीनेच थेट विकाव्यात, अशी त्यांची योजना होती. यंत्र एकदाच विकले जाते, कॅप्सूल रोज लागते. प्रत्येकीत जेमतेम पाच-सहा ग्रॅम कॉफी. सुट्या पुडीच्या भावाशी तुलना केली, तर ग्राहक कॉफीपेक्षा सोयीचेच पैसे जास्त मोजत होता आणि ते आनंदाने मोजत होता.

ऑफिसातले करपलेले भांडे

अमेरिकेतली कथा उलट दिशेने गेली. तिथल्या ऑफिसात सकाळी भांडेभर कॉफी करून तापत्या पट्टीवर ठेवायची पद्धत. दुपारपर्यंत ती कडू आणि करपट होई. शेवटचा कप घेणाऱ्याने नवी कॉफी लावावी, या नियमावरून कुरबुरी होत. मॅसॅच्युसेट्समधील जॉन सिल्व्हन याने हीच तक्रार पकडली. प्लास्टिकचा छोटा पेला, आत कागदी गाळणी, वर पातळ झाकण. यंत्र झाकणाला आणि तळाला भोक पाडते आणि मिनिटभरात कप भरतो. पीटर ड्रॅगोन या मित्रासह १९९२ साली त्याने क्युरिग कंपनी काढली. नाव डच भाषेतल्या, ‘नीटनेटका’ अशा अर्थाच्या शब्दावरून घेतले.

१९९८पासून ही यंत्रे ऑफिसांत जाऊ लागली, ती व्हर्मॉंटच्या ग्रीन माउंटन कंपनीच्या कॉफीसह. तिथे ती रुजली, कारण तिथे प्रश्न माणसामाणसांतला होता. कोण कॉफी लावतो आणि कोण नुसताच पितो, हा हिशेबच उरला नाही. ज्याला जी हवी ती त्याने घ्यावी, बिल कंपनीच्या नावे. घरगुती यंत्र आले २००४च्या सुमारास. सिल्व्हनने मात्र आपला हिस्सा १९९७मध्येच ५० हजार डॉलरला विकला होता. २०१५ साली ‘द अटलांटिक’ मासिकाशी बोलताना, आपण हा शोध लावला याचे कधीकधी वाईट वाटते, असे त्याने सांगितले. त्याच्या घरी हे यंत्र नव्हते.

किल्ली कोणाकडे

पेटंटांची मुदत संपते, सवयीची संपत नाही. २०१२च्या सुमारास क्युरिगची महत्त्वाची पेटंटे संपली आणि इतरांचे स्वस्त पेले त्याच यंत्रात बसू लागले. कंपनीने २०१४मध्ये ‘क्युरिग २.०’ आणले, झाकणावरची खास शाई दिसली नाही, तर हे यंत्र कॉफी करायलाच नकार देई. ग्राहकांनी अधिकृत झाकण कापून चिकटपट्टीने यंत्राला लावले आणि कुलूप फोडले. तक्रारी वाढल्या, विक्री घसरली. आपली पूड भरण्याची पुन्हा वापरता येणारी गाळणी काढून टाकणे चुकले, असे २०१५मध्ये कंपनीच्या प्रमुखांनी मान्य केले आणि ती परत आणली.

युरोपातही हेच नाट्य झाले. नेस्प्रेसो सोडलेल्या गायार यांनी स्वतःच तिच्या यंत्रात बसणाऱ्या, विघटनशील कॅप्सूल काढल्या. लंडनच्या न्यायालयात २०१३ साली नेस्लेचा दावा प्रतिस्पर्ध्याविरुद्ध टिकला नाही. पुढच्या वर्षी फ्रान्समधील स्पर्धा नियामकाने नेस्प्रेसोकडून, यंत्रात बदल केल्यास इतरांना तांत्रिक माहिती आधी देण्याची हमी घेतली.

याच काळात एक खुली वाटही होती. इटलीच्या इली कंपनीने कागदात दाबून बसवलेल्या सात ग्रॅम कॉफीचा, ४४ मिलिमीटर व्यासाचा पॉड पुढे आणला आणि त्याचे माप इतर उत्पादकांनाही खुले केले. कोणाचाही पॉड कोणाच्याही जुळत्या यंत्रात चालतो. त्याची चमक कमी, जाहिरात कमी. म्हणून प्रसारही मर्यादित राहिला.

कचऱ्याचा हिशेब

जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराने २०१६मध्ये सरकारी खरेदीतून कॅप्सूल यंत्रे वगळली. सहा ग्रॅम कॉफीसाठी तीन ग्रॅम वेष्टन, हा त्यामागचा साधा हिशेब होता. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवता येते हे खरे, पण त्यासाठी वापरलेली कॅप्सूल चोथ्यासकट कोणीतरी गोळा करावी लागते. जिथे ती व्यवस्था नाही, तिथे हा गुण कागदावरच राहतो.

तरीही हा हिशेब एकतर्फी नाही. क्युबेक विद्यापीठाच्या शिकुतिमी येथील अभ्यासकांनी २०२३ साली दाखवले, की कॉफीच्या पर्यावरणीय भारात मोठा वाटा बी पिकवण्याचा असतो. म्हणून जास्त पूड घालून, भांडेभर करून, उरलेली ओतून देणारा मनुष्य कॅप्सूलवाल्यापेक्षा अधिक नुकसान करू शकतो. विरघळणारी कॉफी, मापात घेतली तर, या तुलनेत सर्वांत हलकी ठरली. नेमके माप हा कॅप्सूलचा खरा गुण आहे; पण तेच माप चमच्यानेही साधता येते.

मग निवडावे काय?

आपल्या घरांत कॉफी बहुधा दुधाची आणि पेलाभर. चाळीस मिलिलिटरची एस्प्रेसो त्या दुधात हरवते. तिच्यासाठी महागडे यंत्र घेणे, एस्प्रेसोची खरी आवड नसेल, तर व्यर्थ. अशा घराला चमच्याने मोजलेली विरघळणारी पूड किंवा दाक्षिणात्य फिल्टर पुरतो. फिल्टरमध्ये सकाळी उतरवलेले डिकॉक्शन दिवसभर एकेका कपाला पुरवता येते, म्हणजे एका कपाची सोय तिथेही आहेच. काळी कॉफी पिणाऱ्या एकट्यासाठी जपानमध्ये रुजलेली ड्रिप बॅग सरस: दहा-बारा ग्रॅम पूड, कपाच्या काठावर अडकवायची कागदी पिशवी, वरून गरम पाणी. यंत्र नाही, कुलूप नाही. आता भारतीय कॉफी भाजणारेही ती विकतात. दर कपामागे एक पिशवी आणि तिचे पाकीट फेकावे लागते, हा तिचा दोष.

ऑफिसचा प्रश्न निराळा. तिथे वेळ, स्वच्छता आणि भांडणे टाळणे यांना किंमत आहे, म्हणून यंत्र समर्थनीय ठरू शकते. खरेदीवर सही करणाऱ्याने मात्र यंत्राची किंमत विचारून थांबू नये. पाच वर्षांत किती कॅप्सूल लागतील, वापरलेल्या कोण परत नेईल आणि दुसऱ्या कोणाची कॅप्सूल या यंत्रात बसेल का, हे तीन प्रश्न विचारावेत. तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ऑफिस यंत्र विकत घेत नसून एका दुकानदाराशी बांधले जात आहे, हे समजून सही करावी.