वेगवान नको, वेळेवर हवा

"सीएनसी सुरू करायचंय घरी. कुठला लॅपटॉप घेऊ?"

गेल्या दोन-तीन महिन्यांत तीन वेगवेगळ्या मित्रांनी हा प्रश्न मला विचारलाय. तिघेही आयटीवाले, तिघांचं बजेट साठ-सत्तर हजारांच्या आसपास आणि तिघांनाही एकच चिंता, की प्रोसेसरवर जास्त पैसे घालावेत की ग्राफिक्स कार्डवर. मी म्हणतो, ड्रॉइंग काढायला तुझा आहे तो लॅपटॉप बास. मशीनला जोडायला मात्र कुणाच्या तरी माळ्यावर धूळ खात पडलेला पीसी शोध, जेवढा जुना तेवढा बरा. मग समोरचा हसतो. त्याला वाटतं मी टाळतोय!

टाळत नाहीये. पण कारण सांगायचं तर थोडं मागे जावं लागतं. थोडं म्हणजे साधारण पाऊणशे वर्षं.

अमेरिकेत मिशिगनमध्ये जॉन पार्सन्स नावाचा एक कारखानदार हेलिकॉप्टरची पाती बनवायचा. पात्याचा आकार तपासायच्या साच्याला विचित्र वक्र असतो, तो हाताने कापणं महाकठीण. त्याच्याकडच्या फ्रँक स्टुलेन या इंजिनिअरने पंचकार्डवर चालणाऱ्या आयबीएमच्या गणनयंत्रावर त्या वक्रावरचे दोनशेच्या आसपास बिंदू काढले. मग मिलिंग मशीनवर दोन कामगार, एक एक्सच्या हँडलवर आणि एक वायच्या. तिसरा यादी वाचणार आणि हे दोघं तेवढं तेवढं फिरवणार. गंमत बघा, 'सीएनसी' मधला 'एन', म्हणजे आकडे, इथेच आला. कॉम्प्युटर अजून मशीनला जोडलेलाच नाही, त्याने फक्त आकडे काढून दिलेत. फिरवतोय माणूसच.

पुढे १९४९ मध्ये पार्सन्सला अमेरिकन हवाई दलाचं कंत्राट मिळालं, हँडल फिरवणाऱ्या माणसांच्या जागी मोटरा बसवायचं काम एमआयटीकडे गेलं आणि १९५२ मध्ये त्यांनी ते मशीन चालवून दाखवलं. मशीनच्या शेजारी व्हॅक्यूम ट्यूबांनी भरलेली कपाटं, आणि हुकूम येणार भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून. १९५९ मध्ये एमआयटीने एपीटी ही भाषा जाहीर केली, तेव्हा त्या भाषेतून कापलेले ॲल्युमिनियमचे ॲशट्रे नमुना म्हणून वाटले होते. (आज नवं मशीन आलं की लोक घरावरची नावाची पाटी कापतात. काळ बदलला, हौस तीच.)

आता मुद्दा. त्या दिवसापासून या धंद्यात तीन वेगवेगळी कामं आहेत. वस्तूचं चित्र काढणं हे एक. कटर कुठून कुठे जाईल ते ठरवणं हे दुसरं. आणि तिसरं म्हणजे मोटरांना नेमक्या क्षणी नेमका ठोका देणं. पहिल्या दोन कामांना डोकं लागतं, तिसऱ्याला लय लागते. तबलजीसारखं आहे ते. त्याने रेले कितीही सुंदर वाजवले तरी ठेका हलला की मैफिल बसली.

हे शब्दांत पटत नाही, म्हणून माझ्याच मशीनचा हिशेब देतो. माझं छोटं टेबलावरचं मशीन आहे, ३०० बाय १८० मिलिमीटर बेडचं, मुलुंडच्या फ्लॅटच्या बाल्कनीत मावेल एवढं. स्टेपर मोटर एका फेऱ्याला २०० पावलं टाकते. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे ८ भाग करतो, म्हणजे फेऱ्याला १६०० ठोके. स्क्रू एका फेऱ्यात ४ मिलिमीटर सरकतो, म्हणजे मिलिमीटरला ४०० ठोके. मिनिटाला १५०० मिलिमीटरने हेड पळवायचं म्हटलं तर सेकंदाला १०,००० ठोके, दर १०० मायक्रोसेकंदाला एक. त्यातला एक ठोका पन्नास मायक्रोसेकंद उशिरा आला की पुढचा त्याच्या अंगावरच येऊन पडतो. मोटरला तेवढं जमत नाही, ती पाऊल चुकवते. आणि या मशीनला डोळे नाहीत! आपण कुठे आहोत हे त्याला कळत नाही. तिथून पुढचा सगळा कट सरकलेला.

नव्वदच्या दशकात लोकांनी घरच्या पीसीकडून हे ठोके घ्यायला सुरुवात केली ती प्रिंटरच्या पॅरलल पोर्टमधून. आमच्या पिढीने ती पंचवीस पिनांची रुंद केबल शाळेच्या लॅबमध्ये शेवटची पाहिली असेल. त्यात १२ पिना बाहेर जाणाऱ्या, ५ आत येणाऱ्या. एका अक्षाला दोन पिना लागतात, एक ठोक्याची आणि एक दिशेची, म्हणजे तीन अक्षांना सहा. प्रोसेसरने पिन वर केली की मोटर हलली, मध्ये कुणी दलाल नाही. यूएसबीचं तसं नाही, तिथे डेटा गठ्ठ्याने जातो, सोयीने जातो. म्हणून बाजारात मिळणारी यूएसबी ते पॅरलल केबल या कामाला बिलकुल उपयोगाची नाही. ती प्रिंटरपुरतीच. लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार छातीवर हात ठेवून "चालेल" म्हणाला तरी घेऊ नका.

या पोर्टवर दोन सॉफ्टवेअरं गाजली. एक मॅक-थ्री, विंडोजवर चालणारं. वर्षानुवर्षं जगभरच्या हौशी लोकांचं हेच पहिलं कंट्रोलर. पण त्याचा पॅरलल पोर्ट ड्रायव्हर फक्त ३२-बिट विंडोजवर चालतो, त्यामुळे आजही कित्येक वर्कशॉपमध्ये एक एक्सपीवाला डबा जिवापाड जपलेला दिसतो. दुसरं लिनक्स-सीएनसी. याचा जन्म अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेत झाला. सरकारी पैशातून झालेलं म्हणून कोड सगळ्यांना खुला. आधी नाव ईएमसी होतं, पण त्याच नावाची एक मोठी कंपनी असल्यामुळे २०११ मध्ये ट्रेडमार्कचा प्रश्न निघाला आणि नाव बदलावं लागलं. बरं झालं, हे नाव निदान कळतं तरी.

लिनक्स-सीएनसीबरोबर एक लेटन्सी टेस्ट येते. ती चालू करायची, मग व्हिडिओ लाव, मोठ्या फाइली कॉपी कर, खिडक्या इकडून तिकडे ओढ, म्हणजे कॉम्प्युटरला जितका त्रास देता येईल तितका द्यायचा. वीसेक मायक्रोसेकंदांच्या आत राहिला तर उत्तम, पन्नासपर्यंत चालवून घ्यायचं, शंभरच्या वर गेला तर तो या कामाचा नाही. माझ्या लॅपटॉपने १८० दाखवले. काकांच्या ऑफिसमधून भंगारात निघालेल्या डेस्कटॉपने १२! याचं कारण सोपं आहे. नवा लॅपटॉप सतत काटकसर करत असतो. बॅटरी वाचवायला प्रोसेसर डुलक्या घेतो, वेग कमी-जास्त करतो, पंखा आणि तापमान बघायला बायोस अधूनमधून ऑपरेटिंग सिस्टिमला न विचारता मध्ये घुसतो. जुन्याला यातलं बरंचसं येतच नाही. इंटेलचा डी५१०एमओ हा २०१० च्या सुमाराचा ॲटम बोर्ड या मंडळींत असाच लोकप्रिय झाला. वेग यथातथाच, पण घड्याळासारखा नियमित.

हा सगळा परदेशचा इतिहास झाला, पण आपल्या उपनगरांचाही यात वाटा आहे आणि तो फारसा कुणाला माहीत नसतो. अंधेरीच्या हिंदुस्तान लिव्हर संशोधन केंद्रातले डॉ. श्रीनाथ कलबाग नोकरी सोडून पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला, हाताने काम करत शिकण्याची शाळा. एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांनी कॉम्प्युटरवर चालणाऱ्या छोट्या मशीनांच्या फॅब लॅब सुरू केल्या, तेव्हा एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी एक २००२ मध्ये पाबळमध्ये झाली. म्हणजे टेबलावरचं मिलिंग मशीन मुंबईकर हौशी माणसाच्या घरात यायच्या कितीतरी आधी शिरूर तालुक्यातल्या पोरांच्या हातात होतं. मुंबईत मेकर्स असायलम २०१३ ला सुरू झालं, काही वर्षं अंधेरीत होतं, आता गोव्यात आहे.

आणि कटरचा मार्ग ठरवण्याचं, म्हणजे ते दुसरं काम, आपल्या विक्रोळीत झालं. गोदरेजच्या घरातून निघालेली जिओमेट्रिक ही कंपनी कॅड-कॅमचं सॉफ्टवेअर लिहायची. कॅमवर्क्स हे मूळ अमेरिकन सॉफ्टवेअर तिच्याकडे आलं. मॉडेल बघून 'हे भोक, हा खळगा' असं स्वतःच ओळखणं ही त्याची खासियत. २०१८ च्या आवृत्तीपासून सॉलिडवर्क्समध्ये जो कॅम विभाग आला तो याच कॅमवर्क्सवर चालतो. जिओमेट्रिकचा धंदा २०१७ मध्ये एचसीएलकडे गेला. लोकलने कांजूर-विक्रोळी करणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

असो. माझ्या निवडीकडे येतो.

सोपा रस्ता होता तो जीआरबीएलचा. २००९ मध्ये सिमेन स्वाले स्कोगस्रुड या नॉर्वेच्या माणसाने तिसरं काम पीसीकडून काढून आर्डुइनोवर टाकलं. १६ मेगाहर्ट्झची चिप, २ केबी रॅम, आणि तरीही सेकंदाला ३०,००० ठोके देते, कारण तिला दुसरं कामच नाही. पीसीने यूएसबीवरून ओळी पाठवायच्या, ठेका चिप धरणार. मग लॅपटॉप कुठलाही चालतो. नव्याने सुरू करणाऱ्याला मी आज हेच सांगेन, आणि माझ्या मशीनबरोबर तोच बोर्ड आला होता.

पण माझी अडचण वेगळी होती. माझ्या मामाचा भांडुपला गाळा होता, त्यात एक जुनं सेकंडहँड व्हीएमसी. शाळेच्या सुट्टीत मी तिथे पडीक असायचो. त्या कंट्रोलरची मेमरी बॅटरीवर टिकायची आणि बॅटरी मशीन चालू असतानाच बदलायची, बंद करून काढली की सगळं साफ. मामा दर वर्षी खंडेनवमीला, पूजेच्या आधी, मशीन चालू ठेवून बॅटरी बदलायचा. तरी त्याचा मेमरीवर विश्वास नव्हता. प्रत्येक जॉबचा प्रोग्रॅम तो एका लांब रजिस्टरमध्ये हाताने लिहायचा. पहिलं पान १९९६ चं. गाळा विकला, मशीन गेलं, रजिस्टर माझ्याकडे आलं. त्याच काळातल्या कॅडच्या फ्लॉप्याही आल्या, एकही वाचता आली नाही.

रजिस्टर मात्र वाचता येतं. जी०१ म्हणजे १९९६ मध्ये सरळ रेषेत काप, आजही सरळ रेषेत काप. फक्त मामाने भोकांसाठी सगळीकडे जी८१ हे ड्रिलिंग सायकल वापरलंय, आणि कडांना जी४१, म्हणजे कटरच्या त्रिज्येइतकं बाजूला सरकून चाल. जीआरबीएलला ही दोन्ही कळत नाहीत, सरळ एरर देतं. लिनक्स-सीएनसीला दोन्ही येतात. निर्णय तिथेच झाला. आर्डुइनोचा बोर्ड काढला, ड्रायव्हरच्या तारा पॅरलल पोर्टच्या इंटरफेस बोर्डला जोडल्या आणि १२ वाला डेस्कटॉप बाल्कनीच्या दाराशी बसवला. घरच्यांचं मत इथे देत नाही. :)

ड्रॉइंगसाठी फ्रीकॅड घेतलं. फ्यूजन जास्त सफाईदार आहे, हे मान्य. पण ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच्या फुकट आवृत्तीतून बऱ्याच गोष्टी काढल्या गेल्या. एका वेळी दहाच फाइलींवर काम करता येणार आणि कटर हवेतून जातानाही कापायच्याच वेगाने जाणार. कंपनीचं सॉफ्टवेअर, कंपनीची मर्जी, त्यात चूक काही नाही. मला फक्त तीस वर्षं टिकणारं रजिस्टर हवंय. फ्रीकॅडवर २००२ पासून काम चाललंय आणि १.० आवृत्ती यायला नोव्हेंबर २०२४ उजाडला. आधी एक कड बदलली की पुढचं अर्धं मॉडेल कोसळायचं, ते आता बरंच कमी झालंय. लॅपटॉपला १६ जीबी रॅम असली की माझ्यासारख्याची कामं आरामात होतात.

पहिला जॉब म्हणून रजिस्टरमधला 'फ्लँज – ४ होल' निवडला. मामाला फोन केला तर तो पहिलं वाक्य बोलला, "अरे, त्यात पॉइंट नाहीयेत हां."

म्हणजे काय, तर त्याच्या कंट्रोलरवर पॉइंट न दिलेला आकडा मायक्रॉनमध्ये धरला जायचा. एक्स५० लिहिलं तर हेड ०.०५ मिलिमीटर हलणार. पोरांनी कुठे पॉइंट द्यायचा, कुठे विसरायचा, असा गोंधळ नको म्हणून त्याने सगळीकडे मायक्रॉनच लिहायची शिस्त ठेवली. पन्नास मिलिमीटर म्हणजे एक्स५००००. लिनक्स-सीएनसीला हेच दिलं तर ते पन्नास मीटर समजणार, म्हणजे बाल्कनीतून निघून पलीकडच्या सोसायटीत!

पायथनच्या दहा-बारा ओळी लिहिल्या. एक्स, वाय, झेड, आय, जे आणि आर यांच्यापुढे पॉइंट नसलेला आकडा दिसला की हजाराने भागायचा. एफला हात लावायचा नाही, तो आधीच मिनिटाला मिलिमीटरमध्ये आहे. खोलीचे कट मात्र हाताने बदलले. व्हीएमसी एका दमात दोन मिलिमीटर खायचं, माझ्या मशीनला पाव मिलिमीटर खूप झालं. आधी कटर वीस मिलिमीटर वर ठेवून सगळा प्रोग्रॅम हवेत चालवला, मग ॲल्युमिनियमची प्लेट लावली. जवळपास दोन तास चाललं. बाल्कनीभर कीस.

संध्याकाळी मामा आला, खिशातून व्हर्नियर काढलं. समोरासमोरच्या भोकांचं अंतर ४० हवं होतं. एका जोडीत ४०.०१, दुसऱ्या जोडीत ४०.०६.

"वायला बॅकलॅश आहे," तो म्हणाला. "नट बघायला हवा."

रविवारी डायल घेऊन येतोय.