थडग्यांशेजारच्या तोफा (थ्रेड)

अमेरिकेतील अनेक जुन्या दफनभूमींत सैनिकांच्या थडग्यांजवळ एखादी जुनी तोफ दिसते. मृतांच्या शेजारी शस्त्र कशासाठी?

यादवी युद्ध (१८६१-६५) संपल्यावर सरकारी शस्त्रागारांत असंख्य तोफा पडून राहिल्या. पुढील तीन दशकांत मागून ठासल्या जाणाऱ्या पोलादी तोफा आल्या आणि तोंडाकडून ठासायच्या तोफा निकामी ठरल्या. मे १८९६ मध्ये काँग्रेसने कायदा करून त्या नगरपालिका, स्मारक समित्या आणि 'ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक' या माजी सैनिकांच्या संघटनेच्या शाखांना देण्याची मुभा दिली. मात्र सरकारवर खर्चाचा बोजा पडता कामा नये, अशी अट होती. थोडक्यात, भंगार फुकट, गाडीभाडे तुमचे.

माजी सैनिकांनी ते आनंदाने घेतले. अँटिटमच्या रणभूमीवर तर सहा तोफा तोंड खाली करून दगडी चौथऱ्यांत रोवल्या आहेत. सहा सेनापती जिथे ठार अथवा प्राणांतिक जखमी झाले, त्या या जागा.

या तोफांपैकी 'पॅरट' तोफ चटकन ओळखू येते. नळी ओतीव लोखंडाची आणि बुडाशी घडीव लोखंडाचा जाड पट्टा. पट्टा असूनही मोठ्या पॅरट तोफा फुटत. डिसेंबर १८६४ मध्ये फोर्ट फिशरवरील माऱ्यात नौदलाच्या अशा पाच तोफा फुटल्या आणि आपल्याच गोलंदाजांचे बळी गेले. स्मारकाच्या फलकावर हे सहसा लिहीत नाहीत.

फलकापेक्षा तोफेचे तोंड वाचावे. त्याच्या कडेवर क्रमांक, वजन, वर्ष, कारखान्याची आणि तपासनिसाची आद्याक्षरे कोरलेली असतात. आपल्याकडे गडावरच्या तोफेवरील लेख वाचतात, तसाच हाही लेख. फक्त बिरुदांऐवजी हिशेब.

१९४२ मध्ये दुसऱ्या महायुद्धासाठी देशभर भंगार गोळा होऊ लागले आणि अनेक गावांनी स्मारकाच्या तोफाही भट्टीला दिल्या. तोफा मागून आणणाऱ्या संघटनेचे तेव्हा मोजकेच वृद्ध सदस्य हयात होते. शेवटचा, अल्बर्ट वूल्सन, १९५६ मध्ये वारला. वितळलेल्या तोफांबरोबर त्यांच्या तोंडावरचे क्रमांकही गेले. काही चौथऱ्यांवर पुढे विसाव्या शतकातील निकामी तोफा येऊन बसल्या.