दिगू टिपणीस आणि निक्सन

विश्रामबागेत चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या चार इंजिनियरांना विचारून बघा, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष व्हायला किती इलेक्टोरल मतं लागतात? चौघंही एका सुरात २७० म्हणतील. फिलिबस्टर म्हणजे काय, निवडणूक आली की सगळे पेनसिल्व्हेनियाकडे का पळतात, हेही चहा संपायच्या आत समजावून सांगतील. (आधी 'वेस्ट विंग', मग 'हाउस ऑफ कार्ड्स' यांची कृपा.) आता त्याच चौघांना विचारा, १९७८ च्या जुलैमध्ये आपल्या सांगलीच्या वसंतदादांचं सरकार कसं पडलं? फार तर एक जण 'खंजीर' एवढंच पुटपुटेल आणि विषय बदलेल.

मी काही सिनेमाचा अभ्यासक नाही. वीकांताला समोर येईल ते बघणारा साधा प्रेक्षक आहे. पण परवा 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन' (१९७६) आणि 'सिंहासन' (१९७९) हे दोन सिनेमे पाठोपाठ बघितले आणि डोक्यात एक किडा शिरला. तीन वर्षांच्या अंतराने आलेले हे सिनेमे. दोन्हीकडे मध्यभागी पत्रकार, दोन्हीकडे सत्तेच्या आतली घाण. पण अमेरिकन पत्रकार शेवटी राष्ट्राध्यक्ष घालवतात, आणि आपला दिगू टिपणीस स्वतःच वेडा होतो. असं का?

सोपं उत्तर असं की तिकडे लोकशाही मुरलेली आहे आणि आपल्याकडे सगळा आनंदीआनंद. हे उत्तर मला पटत नाही. थोडं खोलात जाऊ.

'सिंहासन'च्या आधी याच मंडळींनी 'सामना' केला होता. लेखन विजय तेंडुलकर, दिग्दर्शन जब्बार पटेल, समोरासमोर निळू फुले आणि श्रीराम लागू (लागू जन्माने साताऱ्याचे, म्हणजे आपले शेजारीच!). 'सामना'त फुले साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील, आणि लागू म्हणजे कुठूनसा आलेला दारुडा मास्तर. मास्तर मारुती कांबळेबद्दल एकच प्रश्न विचारत राहतो, आणि त्या एका प्रश्नाने हिंदुरावाचं साम्राज्य हलतं. साखर कारखाना, सोसायट्या, गावातली दहशत, हे सगळं आपल्या भागातल्या माणसाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. पण रचना बघा. खरं बाहेर काढलं की मोठा माणूस पडतो. म्हणजे १९७४ चा 'सामना' या बाबतीत अमेरिकन सिनेमाचा भाऊच आहे.

मग मधल्या पाच वर्षांत काय झालं? आणीबाणी आली आणि गेली. १९७७ ला दिल्लीतलं सरकार बदललं. आणि मार्च १९७८ मध्ये महाराष्ट्रात त्रिशंकू विधानसभा आली. २८८ पैकी जनता पक्षाला ९९, रेड्डी काँग्रेसला ६९, इंदिरा काँग्रेसला ६२. एकमेकींविरुद्ध लढलेल्या दोन काँग्रेस नंतर एकत्र आल्या. वसंतदादा मुख्यमंत्री झाले आणि नासिकराव तिरपुडे राज्याचे पहिले उपमुख्यमंत्री. हा संसार चार महिने चालला. जुलैमध्ये, विधिमंडळाचं अधिवेशन चालू असताना, दादांच्याच मंत्रिमंडळातले उद्योगमंत्री शरद पवार आमदार घेऊन बाहेर पडले आणि १८ जुलैला पुलोदचे मुख्यमंत्री झाले. वय वर्षं ३७. (या वयाला आपल्यातले बरेच जण टीम लीड होण्याची वाट बघत असतात.) पवारांचं सरकारही पुढे टिकलं नाही. इंदिरा गांधी परत सत्तेवर आल्या आणि फेब्रुवारी १९८० मध्ये ते बरखास्त झालं.

गंमत म्हणजे, अरुण साधूंची 'सिंहासन' कादंबरी १९७७ ची. त्यांच्याच आधीच्या 'मुंबई दिनांक'चाही सिनेमात वाटा आहे. म्हणजे मंत्रिमंडळातलाच मंत्री मुख्यमंत्र्याची खुर्ची ओढतो हे कथानक साधूंनी आधी लिहिलं, आणि प्रत्यक्षात ते नंतर घडलं. फरक एवढाच, की सिनेमात अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री सगळ्यांना पुरून उरतो. सांगलीचे दादा मात्र उरले नाहीत. ज्या माणसाने २४ जुलै १९४३ ला सांगलीचा तुरुंग फोडून इंग्रजांची गोळी खांद्यावर झेलली, तो आमदारांच्या बेरजेत हरला.

आता दिगूकडे येऊ. 'सामना'त खुर्चीवर बसलेले निळू फुले इथे खुर्चीच्या बाहेर, वही घेऊन. दिगूला सगळं माहीत आहे. कोण कुणाला कधी भेटलं, कुणाचा भाव किती. पण ते छापून काय उपयोग? बाकीच्या सगळ्यांनाही ते माहीतच आहे. गुपित असेल तर ते फोडता येतं. उघड्यावर चाललेला व्यवहार काय फोडणार? म्हणून तो शेवटी हसत सुटतो, आणि ते हसणं बघवत नाही.

मग निक्सन कसा पडला? अमेरिकन सिनेमा इथे हुशारी करतो. वॉटरगेटची घरफोडी १७ जून १९७२ ची. सिनेमाची गोष्ट जानेवारी १९७३ ला थांबते. टीव्हीवर निक्सन दुसऱ्यांदा शपथ घेतोय, आणि मागे दोन पोरं टाइपरायटर बडवतायत. पुढचं दीड वर्ष टेलिप्रिंटरवर खडखडत दोन मिनिटांत संपतं. आपल्याला वाटतं, टाइपरायटरनेच पाडला! पण त्या दीड वर्षात सिनेटची चौकशी झाली. ध्वनिफिती सापडल्या. २४ जुलै १९७४ ला सुप्रीम कोर्टाने ८-० ने त्या द्यायला लावल्या. (हो, पुन्हा २४ जुलै. योगायोग.) आणि ७ ऑगस्टला निक्सनच्याच पक्षाचे बॅरी गोल्डवॉटर आणि आणखी दोन नेते व्हाइट हाउसमध्ये जाऊन आकडा सांगून आले. वाचायला सिनेटमध्ये ३४ मतं हवी होती, आणि ती नव्हती. ९ तारखेला निक्सन गेला.

म्हणजे तिथेही शेवटी बेरीजच! बातमीने सुरुवात केली, पण पाडलं स्वतःच्याच पक्षातल्या लोकांनी, मोजून. तेंडुलकर-पटेलांनी जे दाखवलं ते वॉशिंग्टनलाही लागू पडतं. हॉलिवूडने फक्त तो भाग टेलिप्रिंटरवर ढकलला. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण आपली पिढी राजकारण मालिकांतून शिकली. एखादी क्लिप व्हायरल झाली, की 'आता हा गेला' असं आपल्याला मनापासून वाटतं. आणि तो जात नाही तेव्हा आपण राजकारणाचाच नाद सोडतो, म्हणजे आपल्या परीने दिगूच होतो. पण गोल्डवॉटरकडे आकडा आला तो मतदारांच्या भीतीने. ती भीती आपण वॉर्डात, पंचायतीत कधी घातली आहे का?

निदान नियम तरी बघा. १९८५ ला पक्षांतरबंदी आली. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर बांधली, म्हणजे महाराष्ट्रात ४३. नाराजांना खिरापत वाटण्याचा 'सिंहासन'मधला रस्ता तिथे अरुंद झाला. तरी २०१९ ची ती पहाट, २०२२ चं गुवाहाटी आणि २०२३ चा जुलै आपण लाइव्ह बघितलाच. दहावी अनुसूची नावाची काही चीज आहे हे आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला २०२२ मध्ये कळलं, फिलिबस्टर त्याच्या कितीतरी आधी माहीत होता :)

बाय द वे, वसंतदादा फेब्रुवारी १९८३ मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले. विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांना परवानगी त्याच काळातली. विश्रामबागेतलं वालचंद जुनं, १९४७ चं. पण चहाच्या टपरीवरच्या त्या चौघांतले निदान दोघं तरी दादांच्या त्या सहीमुळे इंजिनियर झालेले असणार.