डेटाकार्ड (वाशिम जिल्हा)

डेटाकार्ड : मोबाइलच्या जाळ्यावरून संगणकाला इंटरनेट पुरवणारा, यूएसबीच्या खाचेत बसणारा छोटा मोडेम. बोलण्यात ‘डोंगल’ किंवा ‘नेटसेटर’. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती आणि त्यातले सुमारे ८२ टक्के लोक ग्रामीण भागातले. तांब्याच्या तारेवरचा ब्रॉडबँड दूरध्वनी केंद्रापासून काही किलोमीटरच चालतो. त्यामुळे रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा ही तालुक्याची ठिकाणे मागे पडली की बऱ्याच गावांत डेटाकार्डाशिवाय फारसा पर्याय नसे.

रचना व कार्य : आत सिम, रेडिओ आणि थोडी स्मृती असते. कार्ड प्रथम लावल्यावर संगणकाला ते सीडीसारखे दिसते. त्यातूनच चालक-आज्ञावली बसते आणि मग ते मोडेम म्हणून काम करू लागते. जीएसएम प्रकारच्या जाळ्याचे कार्ड *९९# आणि सीडीएमए प्रकारच्या जाळ्याचे कार्ड #७७७ हा क्रमांक लावून जोडणी करते. ह्वावे कंपनीच्या बऱ्याच कार्डांवर दिवा हिरवा असला तर टूजी, निळा असला तर थ्रीजी, आकाशी असला तर त्याहून वेगवान एचएसपीए. खेड्यात हिरवाच अधिक दिसे. टूजीतल्या एज जोडणीत सैद्धांतिक कमाल वेग सेकंदाला सुमारे २३७ किलोबिट, तर खोक्यावर छापलेला ७.२ मेगाबिट. ग्राहकाची निराशा या फरकात होती. कार्डात दोष क्वचितच असे. थ्रीजीच्या २१०० मेगाहर्ट्‌झ लहरी टूजीच्या ९०० मेगाहर्ट्‌झइतक्या दूर पोहोचत नाहीत आणि अजिंठा डोंगररांगांच्या उतारांवरील, खोलगट भागातील गावांना त्याचा फटका अधिक. यूएसबीची लांब तार जोडून कार्ड खिडकीच्या गजाला बांधणे हा सर्वमान्य तोडगा.

सेवा : २०१० च्या थ्रीजी लिलावात महाराष्ट्र परिमंडळ टाटा, आयडिया व व्होडाफोन यांना मिळाले, बीएसएनएलकडे लहरी आधीपासून होत्या. सीडीएमए कार्डांत रिलायन्स नेटकनेक्ट व टाटा फोटॉन प्रमुख.

महसुली कामकाज : डेटाकार्डाचा सर्वांत महत्त्वाचा वापर हाच मानावा लागेल. जमिनीच्या नोंदी संगणकावर आणणाऱ्या ई-फेरफार प्रकल्पात हस्तलिखित सातबारा आणि संगणकीकृत सातबारा तंतोतंत जुळवायचे होते. त्यासाठी एडिट व री-एडिट मॉड्यूलमध्ये तलाठ्याला गट क्रमांक, क्षेत्र, खातेदारांची नावे, इतर हक्क आणि पिकांच्या नोंदी एकेक करून तपासाव्या लागत. लॅपटॉपच्या एका खाचेत डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, दुसऱ्या खाचेत डेटाकार्ड. मध्येच रेंज गेली की पुन्हा लॉगिन. दिवसा सर्व्हरवर भार असल्याने राज्यभर अनेक तलाठ्यांनी हे काम रात्री केले. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, त्यामागे हे श्रम आहेत आणि त्यांची नोंद व्हायलाच हवी. ग्रामपंचायतींतील संग्राम केंद्रे व पुढची आपले सरकार सेवा केंद्रे यांनाही तार नसेल तेथे याच साधनाचा आधार होता. २०१७ च्या कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरून घेताना रेंज गेली की शेतकऱ्यांची रांग जागीच थांबे.

शिक्षण : परीक्षांचे अर्ज व निकाल यांसाठी वापर.

ऱ्हास : ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची फोरजी सेवा सुरू झाली. फोनचाच हॉटस्पॉट करता येऊ लागल्यावर वेगळे कार्ड घेण्याचे कारण उरले नाही, आणि थ्रीजी कार्डे फोरजीचे जाळे पकडू शकत नव्हती. टाटांची मोबाइल सेवा १ जुलै २०१९ रोजी एअरटेलमध्ये विलीन झाली. जुनी सीडीएमए कार्डे आज देशातील कोणत्याही जाळ्यावर चालत नाहीत.